कामाला किती नावं

इंग्रजी मी पन्नाशीनंतर शिकले. शिकले म्हणजे आपलं म्हणायचं. रद्दीवाल्याकडून घेतलेला, दोन्ही पुठ्ठे गेलेला एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश घरात आहे, तीच माझी शाळा. दुपारची भांडी झाली की तो मांडीवर घेऊन बसायचं आणि जे पान उघडेल ते वाचायचं. आता डोळे लवकर शिणतात, दोन शब्दांत डुलकी लागते, पण सवय काही जात नाही. अशाच एका दुपारी 'वर्क' हा शब्द लागला. चारच अक्षरांचा. त्याच्यापुढं कोशवाल्यानं मराठी शब्द मांडलेले: काम, कार्य, श्रम, मेहनत, उद्योग, धंदा, नोकरी. मधे नुसता स्वल्पविराम देऊन सगळ्यांना एका पंगतीला बसवलेलं. मी चष्मा काढून ठेवला. म्हटलं, बाबा, तू एकदा आमच्या घरी यायला पाहिजे होतास. हे सगळे एका पंगतीला बसत नसतात हे तुला कळलं असतं.

आमच्या घरात 'काम' म्हणजे उंबऱ्याबाहेरचं. जिथं हजेरी घेणारा असतो, उभं राहून बघणारा असतो, ते काम. माय पहाटे उठून स्टेशनाजवळच्या हौदावर पाण्याला जायची, चूल पेटवायची, दळण निवडायची, आम्हा दोघी बहिणींच्या वेण्या घालायची. एवढं करून कुणी विचारलं की काय चाललंय गयाबाई, तर म्हणायची, काय नाय, बसलेय. ते सगळं कामात धरायचं नाही अशी रीतच होती, आणि ती रीत मायनंच सगळ्यात कडक पाळली. 'मेहनत' हा शब्द शेजारच्या रजियाखालाचा. खाला गोधड्या शिवायची आणि सुईत दोरा ओवताना उसासा टाकून म्हणायची, मेहनत है बेटा, मेहनत. मायच्या तोंडी तो शब्द मी कधी ऐकला नाही. आपणच आपलं कौतुक केल्यासारखं वाटत असावं तिला. 'उद्योग' आणि 'धंदा' हे दोन आम्हा पोरींच्या वाट्याचे. पाणी सांडलं की काय उद्योग करून ठेवला, आणि उन्हात हुंदडताना दिसलो की दुसरा धंदा नाय का तुमाला. 'कार्य' म्हणजे तर लग्न नाहीतर मयतानंतरचं जेवण, त्याला जायचं असतं, ते करायचं नसतं.

दादा, म्हणजे माझे वडील, वैजापूरच्या मार्केट यार्डात हमाली करायचे. पाऊस गेला, कापूस गेला, कांदा गेला, यार्डात उचलायला काही राहिलं नाही, तेव्हा आम्ही एका ट्रंकेसकट शहराच्या कडेला मुकुंदवाडीला आलो. चिकलठाण्याकडं तेव्हा कारखाने उठत होते. पाण्यावाचून गावं बसत चालली होती आणि शहर मात्र उभं राहत होतं, सिमेंट कालवायला पाणी कुठून यायचं देव जाणे. तसल्याच एका बांधकामावर दादांना सिमेंटच्या गोण्या राखायला ठेवलं. एक शिट्टी आणि एक खाकी शर्ट दिला, पँट आपली आपण. त्या दिवसापासून दादांनी 'काम' हा शब्द सोडला. ते 'ड्युटी'वर जाऊ लागले. माय गालात हसायची, म्हणायची, गोण्या काय पळून जानार हायेत का, पण डबा देताना तीही म्हणू लागली, ड्युटीचा टाइम झाला. आणि एक शब्द आमच्या घरात उच्चारायचाच नसे. आजोबांना गावात पिढ्यान्‌पिढ्यांची कामं फुकट करावी लागायची, मेलेलं ढोर ओढण्यापासून सांगावा पोचवण्यापर्यंत. त्याला 'गावकी' म्हणत. आम्ही बौद्ध झालो त्या वर्षी आजोबांनी ती टाकली. शाळेच्या पुस्तकातून मी एकदा तो शब्द मोठ्यानं वाचला तर दादांनी शांतपणे पुस्तक मिटलं आणि म्हणाले, पुढचं पान वाच.

राहिली 'नोकरी'. हा शब्द आमच्याकडं सणासुदीच्या गोडधोडासारखा. दुसऱ्याच्या घरचा वास यायचा, ताटात पडायचा नाही. नोकरीवाल्याला रविवार असतो, नोकरीवाल्याची सही असते, नोकरीवाला आजारी पडला तरी नोकरी जागेवर असते. हे शेवटचं मायला सगळ्यात नवलाचं वाटायचं. माझी सून आता आतल्या खोलीत दार लावून बसते आणि आत वर्क चालतं. मधे चहा द्यायला गेले तर हातानंच थांबा म्हणते. मला राग येत नाही. मनात येतं, माझ्या मायला हे दाखवायला पाहिजे होतं, की घरात बसून केलेलंही कामात धरतात.

खोली पत्र्याची होती, रेल्वेच्या रुळापासून हाकेच्या अंतरावर. गाडी आली की भांडी हलायची. खायला रेशनची मिलो, बाहेरदेशातून आलेली ज्वारी, तांबडी, रबरासारखी. भाकरी थापली की कडा फाटायच्या आणि घास गिळताना पाण्याचा घोट लागायचा, आणि पाणी तर मोजून. माय कालवणाला येसर, म्हणजे भाजलेल्या डाळीचं तिखट पीठ, पाण्यात कालवायची, कधी माळावरून तरोट्याचा पाला मिळाला तर त्याची भाजी. धाकटी शांता मिलोची भाकरी बघितली की रडायला लागायची. माय तिला रागवायची नाही, नुसती भाकरी चुरून द्यायची. सगळेच एवढे दमलेले असायचे की रागवायलाही अंगात काही लागतं हे मला तेव्हा कळलं.

माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, जालन्याच्या रस्त्याला, तासभर चालत. माणसं लई आणि हातोडे थोडे, म्हणून आमच्या खडीवर घरटी एकच नाव घेत. सकाळी कारकून मस्टर घेऊन लिंबाखाली बसायचा आणि नावं पुकारायचा. तीन हाकांत हजर म्हटलं नाही तर त्या दिवसाची गैरहजेरी, आणि लागोपाठ तीन दिवस गैरहजर राहिलं की नाव काटायचं. बाहेर दहा बायका कुणाचं नाव काटतं याची वाट बघत उभ्या असायच्या. कुणाची वाईट इच्छा म्हणून नाही, पण उभ्या असायच्या.

तर एका सकाळी माय उठलीच नाही. आम्हाला सांगितलं ताप आहे. ताप नव्हता. तिला दिवस गेले होते आणि खडीवर बसून बसून ते राहिले नाहीत, हे मला माझं पहिलं बाळंतपण झाल्यावर खालानं सांगितलं. तेव्हा एवढंच दिसलं की माय भिंतीकडं तोंड करून पडलीय, खाला पाणी गरम करतीय आणि मला आत येऊ देत नाहीय. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी नाव काटलं जाणार. मायनं मला जवळ बोलावलं आणि स्वतःचं लुगडं दिलं.

बदली जाण्याची पद्धत खडीवर होतीच. सासूच्या नावावर सून, बहिणीच्या नावावर बहीण. पदर कपाळावर ओढायचा, मागच्या रांगेत बसायचं आणि हाक आली की आवाज जाड करून हजर म्हणायचं. कारकुनालाही हे माहीत होतं, म्हणून त्याचा एक डाव होता. नावं पुकारून झाली की तो रांगांतून हिंडायचा आणि कुणाच्याही पाठीशी उभा राहून एखादं पोरीबाळीचं नाव अचानक घ्यायचा. ए सुमन. ए मंगल. जी मान वळवेल ती बदलीवाली. दोघी-तिघी अशा सापडल्या होत्या आणि त्यांच्या घरची नावं गेली होती. म्हणून मायनं मला घरी तालीम दिली. ती अंथरुणावर, मी चुलीपुढं, आणि ती मधेच हाक मारणार, कमल. मी बघायचं नाही. शांतानं मारायची, खालानं मारायची. आधी सारखी चुकले. मग युक्ती सापडली. माझं नाव ऐकू आलं की आपल्या हाताच्या बोटांकडं बघायचं आणि पाचही मोजायची. मोजून होईस्तोवर हाक विरून जाते. शांताला तो खेळच वाटायचा, मी घरी असेस्तोवर ती मला कमल, कमल करून हैराण करायची आणि मी दगड.

अशी मी गयाबाई झाले. एक दिवस नाही, दोन महिन्यांच्या वर. पंधरा वर्षांच्या पोरीला दोन महिने म्हणजे थोडे नसतात. हातोड्यानं तळहाताला घट्टे पडले, नाकातोंडात खडीची पूड, मिलोच्या भाकरीतही पूड. दुपारी सुकडी, सरकारी पिठाचा गोड कोरडा खाऊ, मिळायची, ती अर्धी पदराला बांधून शांताला आणायची. शेजारच्या बाया मला गया म्हणत, चेष्टेनं आधी, मग सवयीनं. कारकून दोनदा माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला. कुठून कळलं होतं कुणास ठाऊक, पण त्यानं बरोबर माझंच नाव घेतलं. मी बोटं मोजली. तो गेला. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा माय कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, माझी गुनाची बाय.

त्याच सुमारास खालाच्या भावानं बातमी आणली. औषधाच्या बाटल्या भरण्याचा एक कारखाना सुरू होत होता, सातवी झालेल्या मुली घेणार होते. बाटली पुसायची, चिठ्ठी चिकटवायची, खोक्यात ठेवायची. सावलीत बसून. खालानं अर्ज आणला, मी भरला, भाऊ देऊन आला, आणि पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. कागदावर माझं नाव टाईप केलेलं होतं, कमल किसन. मायला वाचता येत नव्हतं पण तिनं तो कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला. दादा ड्युटीवरून मुद्दाम येऊन बघून गेले. सगळे दबल्या आवाजात एकच शब्द म्हणत होते. खालाला मात्र दम निघेना, ती दारातूनच गल्लीला ऐकवायची, हमारी कमल नौकरी पे जाती अब.

बोलावण्याच्या दिवशी अडचण अशी की मस्टरवर कोण जाणार. मी म्हटलं, मी खडीवर हजेरी देऊन मग जाते, तर वेळ जमत नव्हती. माय पहाटेच उठली. तिचं तोंड अजून पिवळं होतं, चालताना भिंतीला हात लावत होती.

"तू नगं जाऊ माय," मी म्हटलं. "एक दिवस गैरहजेरी पडली तर पडू दे."

"आन्‌ तुला तिथं उद्या-परवा परत बोलवलं मग?" ती म्हणाली. "सावलीत बसून एक दिवस हातोडा धरला तर मी मरत नाय. तू तुझं बघ."

तिनं तिचं लुगडं माझ्याकडून परत घेतलं आणि नेसली. मला खालाच्या मुलीची सलवार-कमीज, ती इस्त्री केलेली. खालानं केसाला तेल लावलं आणि मायनं माझे हात घासून घासून धुतले, पण खडीची पूड भेगांतून निघाली नाही. मग म्हणाली, हात पाठीमागं ठेव. दोघी एकदमच घराबाहेर पडलो, ती एका रस्त्यानं, मी दुसऱ्या.

कारखान्याचा व्हरांडा अजून मला जसाच्या तसा दिसतो. ओल्या चुन्याचा वास, आत कुठंतरी बाटल्यांची किणकिण, आणि आम्ही वीसेक मुली एका लांब बाकावर. डोक्यावर पंखा होता. पंख्याखाली मी पहिल्यांदा बसले, त्या वाऱ्यानं एवढं बरं वाटलं की झोपच येऊ लागली. शिपाई दारात उभा राहून कागदावरची नावं पुकारत होता. नाव आलं की मुलगी उठायची, आत जायची, दोन मिनिटांत बाहेर यायची, काही हसत, काही तशाच.

आणि त्यानं पुकारलं, कमल किसन.

मला ऐकू आलं. हे मी आजवर फार थोड्यांना सांगितलंय, लोकांना वाटतं डुलकी लागली असेल, आवाज पोचला नसेल. तसं नाही. स्वच्छ ऐकू आलं. ऐकलं म्हणूनच मान खाली घातली आणि बोटांकडं बघितलं. एक, दोन, तीन. त्यानं परत पुकारलं. मनात आलं, की हा मला ओळखतो, हा माझ्या पाठीशी येणार. तिसऱ्या हाकेला तर मी श्वास धरून बसले, दगडासारखी, आणि हाक विरून गेल्यावर आतून सुटल्यासारखं वाटलं. वाचले. मायचं नाव वाचलं. शिपायानं कागदावर रेघ मारली आणि पुढचं नाव घेतलं, आणि माझ्या डाव्या हाताची मुलगी उठून आत गेली.

बाक रिकामं झालं तेव्हा शिपाई माझ्याजवळ आला. चांगला माणूस होता, वाकून विचारलं, "पोरी, तू का बसलीस? नाव काय तुझं?"

मी म्हटलं, "गयाबाई."

त्यानं कागद वरून खाली बघितला, उलटा करून बघितला. म्हणाला, हे नाव यात नाही, दुसऱ्या कुठल्या कारखान्यात बोलावलं असेल. मी मान हलवली आणि चालू लागले. फाटकाबाहेर ऊन एकदम तोंडावर आलं. मी सवयीनं पदर ओढायला हात वर नेला आणि हाताला पदर लागलाच नाही, ओढणी लागली. तिथं मला कळलं. मागं पळत गेले तर शिपाई दाराला कडी घालत होता. मीच ती कमल, असं मी त्याला कितीदा सांगितलं. तो म्हणाला, मग नाव दुसरं का सांगितलंस? खरं सांगितलं तर मायचं नाव जातंय. साहेब जेवायला गेले होते, पाहिजेत तेवढ्या मुली घेऊन झाल्या होत्या.

मी घरी गेले नाही. सरळ खडीवर गेले, कारखान्यापासून रस्ता धरला तर उन्हं कलायच्या आत पोचता येत होतं. माय लिंबाच्या सावलीच्या कडेला बसली होती, सावली सरकून गेली होती तरी तिथंच, आणि हातोडा मारताना दर घावाला थांबत होती. मला बघून तिनं डोळ्यांवर हात धरला. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, बोटं मोजलेलीसुद्धा सांगितली. मला वाटलं ती रडेल नाहीतर मारेल. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. हातोडा समोरच्या ढिगावर ठेवला आणि हळूच हाक मारली, "कमल."

मी बघितलं नाही. मान खालीच. तेव्हा तिनं माझ्या हनुवटीला धरून तोंड वर केलं आणि पुन्हा म्हणाली, "कमल. माझ्याकडं बघ." तिच्या बोटांची पूड माझ्या हनुवटीला लागली. मी बघितलं तेव्हा तिचा चेहरा कसा झाला होता ते मला लिहिता यायचं नाही.

सुट्टीच्या वेळी ती कारकुनापुढं जाऊन उभी राहिली. मी मागून ओढत होते, नगं माय, नगं. तो पेटीत मस्टर ठेवत होता.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "दोन महिने माझ्या नावावर ही बसत होती. ही माझी लेक. माझं नाव काटा आन्‌ हिचं लिहा."

बाहेर वाट बघत उभ्या असलेल्या दोघी पुढं सरकल्या, त्यांनाही ऐकायचं होतं. कारकून म्हातारपणाकडं झुकलेला, काडीसारखा माणूस, त्याचंही तोंड पुडीनं पांढरं झालेलं. त्याची नोकरी होती, पण त्या लिंबाखाली बसून तोही आमच्याएवढाच वाळला होता.

"असं नसतं करता येत, बाई," तो म्हणाला. "काटलं की जागा बाहेरच्यांची."

"मग दोन महिन्याची खडी कुनी फोडली?" माय म्हणाली. "तुमच्या वहीत ल्हिवलंय गयाबाईनं. गयाबाई घरी पडून होती. ज्या हातानं फोडली त्या हाताचं नाव ल्हिवा, एवढंच म्हनते मी."

तिनं माझा हात मनगटाला धरून त्याच्यापुढं केला. सकाळी पाठीमागं ठेव म्हणाली होती तोच हात. त्यानं बघितलं. आम्ही जिंकलो की हरलो काही कळेना. त्यानं पेटीला कुलूप लावलं आणि सायकल घेऊन निघून गेला.

घरी दादांना सांगितलं. ते खाकी शर्ट काढून घडी घालत होते, घडी अर्धी राहिली. खाला रडली, तिच्या भावाला शिव्या दिल्या, त्याचा काही दोष नसताना. दादा एवढंच म्हणाले, की पोरगी थकलीय, तिला जेवू द्या. मी जेवले. मिलोची भाकरी त्या दिवशीही तशीच होती.

सकाळी माय उठली नाही, उठायचं नाही असं तिनं ठरवलंच होतं. लुगडं मात्र घडी करून माझ्या उशाशी ठेवलेलं होतं. मी ते नेसले नाही. माझं परकर-पोलकंच घालून गेले, डोकं उघडं. नाव लागलं नसेल तर परत यायचं, एवढंच ठरलं होतं. मी बाहेरच्या बायांत उभी राहिले. कारकुनानं नावं पुकारायला सुरुवात केली. गयाबाई आलं नाही. ते कुणाच्या मागून येतं हे मला पाठ होतं, आणि तिथं ते आलं नाही. मग पार शेवटी, वही मिटायच्या बेतात, तो म्हणाला, "कमल किसन."

बायांनी माझ्याकडं बघितलं. मी माझ्या हातांकडं बघत होते. दुसरी हाक झाली. शेजारच्या बाईनं कोपरानं ढोसलं, पण बोटं आपोआप मोजली जात होती. तिसरी हाक झाली की रेघ मारायची, हा त्याचा नियम होता. त्यानं ती हाक लगेच मारली नाही. पेन्सिल खाली ठेवली, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं दोन्ही काचा सावकाश पुसल्या, पुन्हा घातला. सगळी रांग खोळंबली होती. मग त्यानं तिसऱ्यांदा हाक मारली, आणि मी मान वर करून म्हटलं, हजर.

आवाज माझा नव्हता, मायसारखा जाड निघाला. तो आता कायमचा तसाच झालाय.